ऱ्होड्स : ऋतुमान व प्रवासकाल

एजियन समुद्राच्या आग्नेय टोकाशी असलेले ग्रीसचे प्रसिद्ध बेट. डोडेकॅनीझ द्वीपसमूहातील हे सर्वांत मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सु. १,४०० चौ. किमी. व लोकसंख्या सु. १,२५,००० (२०२१) आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून ते सु. १८ किमी. अंतरावर, ३६° उ. अक्षवृत्ताच्या जवळ वसले आहे. दीर्घ व कोरडा उन्हाळा, सौम्य हिवाळा आणि विपुल सूर्यप्रकाश यांमुळे विसाव्या शतकात ते यूरोपीय प्रवाशांचे आवडते विश्रामस्थान बनले. तथापि या बेटाकडे कोणत्या ऋतूत जावे, हा प्रश्न पर्यटनापेक्षा पुष्कळच जुना आहे. नाविक, व्यापारी, सावकार, ज्योतिर्विद व सेनापती यांनी सु. अडीच हजार वर्षांत त्याची निरनिराळी उत्तरे दिली असून त्या उत्तरांवर व्यापाराचा नफा, कर्जाचे व्याज, युद्धाचा निकाल आणि कित्येकदा माणसांचे प्राण अवलंबून राहिले.

भूरचना व ऋतुमान : बेटाची लांबी सु. ८० किमी., तर कमाल रुंदी सु. ३८ किमी. आहे. मध्यभागी ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने डोंगररांग गेली असून ॲटाव्हिरॉस (सु. १,२१५ मी.) हे तीतील सर्वोच्च शिखर होय. या रांगेमुळे बेटाचे दोन हवामानविभाग पडतात. पश्चिम किनारा वाऱ्याच्या तोंडावर असून तुलनेने थंड व अधिक हिरवा आहे. पूर्व किनारा डोंगरांच्या आडोशाला असल्याने तेथे समुद्र शांत व हवा अधिक उष्ण असते. पूर्वेकडील लिंडॉस हे ग्रीसमधील अतिउष्ण ठिकाणांपैकी एक गणले जाते.

हवामान भूमध्य सागरी प्रकारचे आहे. ऑक्टोबरअखेरीपासून मार्चपर्यंत पाऊस पडतो. डिसेंबर व जानेवारी हे सर्वाधिक पावसाचे महिने होत. वार्षिक पर्जन्यमान सु. ६५० ते ७०० मिमी. असून जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. जानेवारीचे सरासरी तापमान सु. १२° से., तर ऑगस्टचे सु. २७° से. असते. समुद्राच्या पाण्याचे तापमान फेब्रुवारी-मार्चमध्ये सु. १७° से. पर्यंत उतरते व ऑगस्टमध्ये २५° से. च्या वर जाते. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. त्यामुळे ऑक्टोबरमधील समुद्र मे महिन्यातील समुद्रापेक्षा उबदार असतो. उन्हाळ्यात पाऊस व हिवाळ्यात कोरडी हवा हा जो क्रम भारतात परिचयाचा आहे, त्याच्या नेमका उलट क्रम येथे आढळतो.

एटेसियन वारे : ऱ्होड्सच्या उन्हाळ्याचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे उत्तरेकडून व वायव्येकडून नियमितपणे वाहणारे वारे. प्राचीन ग्रीकांनी त्यांना ‘एटेसियन’ म्हणजे वार्षिक वारे असे नाव दिले. आधुनिक काळात ते ‘मेल्टेमी’ या नावाने ओळखले जातात. ॲरिस्टॉटलने आपल्या हवामानविषयक ग्रंथात हे वारे उत्तरायणाच्या समाप्तीनंतर व व्याधाच्या उदयाच्या सुमारास वाहू लागतात, दिवसा जोर धरतात व रात्री पडतात, अशी नोंद केली आहे. या वर्णनाशी आजची निरीक्षणे बव्हंशी जुळतात. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत वाहणाऱ्या या वाऱ्यांमुळे उन्हाळ्याचा दाह कमी होतो. परंतु त्यांचा जोर वाढला म्हणजे निरभ्र आकाशाखालीही समुद्र खवळतो व लहान नौकांना बंदर सोडता येत नाही.

बाल्कन प्रदेशावरील अधिक वायुभार आणि आशिया मायनरवरील न्यूनभार यांतील फरकामुळे हे वारे निर्माण होतात. हा न्यूनभार एकाकी नसून दक्षिण आशियातील मान्सूनच्या विस्तीर्ण न्यूनभार पट्ट्याचे ते पश्चिमेकडील टोक आहे. १९९६ मध्ये मार्क रॉडवेल व ब्रायन हॉस्किन्स या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, मान्सूनच्या पावसाबरोबर वातावरणात मुक्त होणाऱ्या उष्णतेचा परिणाम पश्चिमेकडे दूरवर पोहोचतो व पूर्व भूमध्य प्रदेशावर हवा खाली उतरू लागते. खाली उतरणारी हवा तापून कोरडी होते व तीत ढग बनू शकत नाहीत. याचा अर्थ, भारतातील पर्जन्यकाल आणि ऱ्होड्समधील निरभ्र उन्हाळा या एकाच वातावरणीय व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत.

या समकालिकतेची जाणीव प्राचीन नाविकांनाही होती. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक नौकानयनग्रंथात एटेसियन वाऱ्यांच्या काळातच भारतीय समुद्रात नैर्ऋत्य वारे वाहतात, असे नमूद केले आहे. ईजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघालेली गलबते या वाऱ्यांच्या आधाराने भारताचा पश्चिम किनारा गाठत. भडोच, सोपारा, कल्याण व चौल ही बंदरे या ग्रंथात उल्लेखिलेली आहेत.

सूर्याचे बेट : ऱ्होड्सची दैवतकथा तेथील हवामानाशी निगडित आहे. पिंडर या कवीने इ. स. पू. ४६४ मध्ये ऱ्होड्सच्या डायागोरस या मुष्टियोद्ध्याच्या गौरवार्थ रचलेल्या स्तोत्रात, देवांनी पृथ्वीची वाटणी केली तेव्हा अनुपस्थित राहिलेल्या हेलिओस या सूर्यदेवाच्या वाट्याला समुद्रातून वर येणारे हे बेट आले, अशी कथा आहे. लिंडॉस, यालिसॉस व कामिरॉस या तीन जुन्या नगरांनी इ. स. पू. ४०८ मध्ये एकत्र येऊन बेटाच्या उत्तर टोकाला ऱ्होड्स हे नवे शहर वसविले. तेथे इ. स. पू. २८० च्या सुमारास लिंडॉसच्या केरीझने हेलिओसचा प्रचंड ब्राँझपुतळा पूर्ण केला. प्राचीन जगातील सात आश्चर्यांत गणला गेलेला हा पुतळा इ. स. पू. २२६ च्या सुमारास झालेल्या भूकंपात कोसळला. पहिल्या शतकातील थोरल्या प्लिनीनेही ऱ्होड्स व सिराक्यूस येथे सूर्य दिवसातून एकदाही दिसू नये इतके आकाश कधीच भरून येत नाही, असे लिहिले आहे.

नौकानयनाचा ऋतू : प्राचीन भूमध्य प्रदेशात प्रवासाचा ऋतू समुद्रावर ठरे. हेसिअडने वर्क्स अँड डेज या काव्यात उत्तरायण संपल्यानंतरचे पन्नास दिवस नौकानयनास योग्य ठरविले असून कृत्तिकांच्या अस्तानंतर नाव किनाऱ्यावर ओढून ठेवण्याचा सल्ला दिला आहे. पुढे रोमन लेखक व्हेजीशिअस याने हे वेळापत्रक अधिक काटेकोरपणे मांडले. त्याच्या मते २७ मे ते १४ सप्टेंबर हा काळ सुरक्षित, त्यापुढील ११ नोव्हेंबरपर्यंतचा काळ अनिश्चित आणि ११ नोव्हेंबर ते १० मार्च या काळात समुद्र ‘बंद’ असे. हिवाळ्यात समुद्र नेहमीच खवळलेला असे असे नाही. ढगांमुळे तारे व किनाऱ्यावरील खुणा दिसेनाशा होत, दिवस लहान असत आणि वाऱ्याची दिशा अकस्मात बदले. होकायंत्र नसलेल्या नाविकाला हेच अधिक घातक ठरे.

या सर्वसाधारण नियमाला ऱ्होड्स हा लक्षणीय अपवाद होता. इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरच्या पावातील एका खटल्यात त्याचा पुरावा मिळतो. डिमॉस्थिनीझच्या नावावर असलेल्या एका भाषणानुसार, दोन व्यापाऱ्यांनी अथेन्समध्ये ३,००० ड्राक्मांचे कर्ज घेतले होते. ईजिप्तला जाऊन अथेन्सला परत यावयाचे, अशी त्याची अट होती. परंतु त्यांनी परतीच्या प्रवासात माल ऱ्होड्सलाच उतरविला. धनकोचे म्हणणे असे की, अथेन्समध्ये हिवाळाभर थांबून ऋतूची वाट पाहावी लागते, तर ऱ्होड्स-ईजिप्त मार्ग अखंड खुला असल्याने तेच पैसे दोनतीन वेळा व्यापारात फिरविता येतात. ऱ्होड्सच्या दक्षिणेस ईजिप्तपर्यंत मोकळा समुद्र असून मध्ये बेटे वा खडक नाहीत. एजियनमध्ये जाणाऱ्या गलबतांना हिवाळ्यात जो धोका होता, तो या मार्गावर त्या मानाने कमी होता. धान्य, मद्य व तेल यांच्या व्यापारात ऱ्होड्सने पुढे जे अग्रस्थान मिळविले, त्याच्या कारणांत या ऋतुनिरपेक्ष मार्गाचा समावेश करावा लागतो.

उन्हाळ्यात उत्तरेचा वारा पाठीशी घेऊन ऱ्होड्सहून ॲलेक्झांड्रियाला चार दिवसांत पोहोचता येते, असे डायोडोरस सिक्युलसने नमूद केले आहे. परतीचा प्रवास मात्र याच वाऱ्याविरुद्ध करावा लागे. इ. स. पू. ४८ मध्ये ॲलेक्झांड्रियात अडकून पडलेल्या ज्यूलिअस सीझरने एटेसियन वाऱ्यांमुळे तेथून निघणे अशक्य झाल्याचे कारण दिले आहे. त्यापूर्वी दोन वर्षे सिसरो सिलिशियाहून ऱ्होड्समार्गे रोमला परत जात असता याच वाऱ्यांनी त्याला रोखले. इफेससहून ॲटिकसला लिहिलेल्या पत्रात त्याने ऱ्होड्सच्या उघड्या नौकेपायी नेमके वीस दिवस वाया गेल्याची तक्रार केली आहे.

वादळाच्या प्रसंगी गलबत वाचविण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर त्याची हानी सर्व मालधन्यांनी वाटून घ्यावी, हा नियम रोमन विधिज्ञांनी ऱ्होड्सच्या सागरी कायद्याच्या नावाने जतन केला. आजच्या सागरी विम्यातील सामायिक हानीचे तत्त्व याच परंपरेतून आले आहे. हवामानाची जोखीम टाळता येत नसेल, तर ती वाटून घेता येते, हा विचार त्यामागे होता.

ऋतुपंचांगे : ताऱ्यांचे उदयास्त व त्यांबरोबर अपेक्षित असलेले हवामान यांची दिनवार नोंद असलेली पंचांगे (पॅरापेग्मा) ग्रीक नगरांत वापरात होती. हिपार्कस या थोर ज्योतिर्विदाने इ. स. पू. दुसऱ्या शतकात ऱ्होड्समध्ये वेध घेतले. त्याच्या नावावरील हवामानचिन्हे टॉलेमीने पुढे उद्धृत केली. पोसिडोनिअस या तत्त्वज्ञाचे अध्यापनही ऱ्होड्समध्येच झाले. इ. स. पू. पहिल्या शतकातील जेमिनस याने या पंचांगांची मर्मग्राही चिकित्सा केली. त्याच्या मते तारे हवामान घडवीत नाहीत. त्यांचे उदयास्त ही केवळ ऋतूची खूण होय. उन्हाळ्याचा दाह व्याधामुळे नसून सूर्यामुळे असतो, आणि एका ठिकाणच्या निरीक्षणांवरून रचलेले पंचांग दुसऱ्या प्रदेशाला लागू पडत नाही. कारण व चिन्ह यांतील हा भेद हवामानशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

पंचांगावर फाजील विसंबण्याचा परिणाम ऱ्होड्स शहराने त्यापूर्वीच भोगला होता. इ. स. पू. ३१६ च्या वसंतारंभी तेथे अकस्मात गारांसह मुसळधार पाऊस झाला. शहराची रचना नाट्यगृहासारखी उतरती असल्याने सर्व पाणी खालच्या भागात जमा झाले. हिवाळा संपला असे मानून सांडपाण्याच्या मार्गांची देखभाल थांबविण्यात आली होती. त्यामुळे ते तुंबले. डायोडोरसच्या वृत्तांतानुसार या पुरात पाचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि तटाचा एक भाग कोसळून पाण्याला समुद्राकडे वाट मिळाली, म्हणून शहराचा उरलेला भाग वाचला.

युद्ध व ऋतू : ऱ्होड्सच्या तिन्ही प्रसिद्ध वेढ्यांत ऋतूचा प्रभाव दिसून येतो. इ. स. पू. ३०५–३०४ मध्ये डिमीट्रिअस पोलिऑर्सेटीझने शहराला वर्षभर वेढा दिला. बंदरावरील हल्ल्याच्या वेळी दक्षिणेकडून उठलेल्या वादळाने त्याच्या युद्धयंत्रांची तरती रचना उलथून टाकली. अखेर तह होऊन त्याला माघार घ्यावी लागली. १३०९ पासून शहर सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांच्या (नाइट्स हॉस्पिटलर) ताब्यात होते. १४८० मध्ये ऑटोमन सैन्याने मे महिन्यात येऊन ऑगस्टमध्ये वेढा उठविला. उन्हाळ्यात येऊन शरदापूर्वी परतणे, ही त्या काळच्या सागरी मोहिमांची रीतच होती. १५२२ मध्ये सुलतान सुलेमानने ती मोडली. जूनअखेरीस आलेले त्याचे सैन्य शरदातील पावसाने खंदक भरून गेले तरी मागे हटले नाही. हिवाळ्यात समुद्रमार्गे पुरेशी मदत न पोहोचल्याने धर्मयोद्ध्यांनी डिसेंबरमध्ये शरणागती पतकरली व १ जानेवारी १५२३ रोजी बेट सोडले. वेढा पडलेल्यांचा भरवसा ऋतूवर होता आणि तोच निष्फळ ठरला.

विश्रामस्थान म्हणून उदय : ऱ्होड्सचा विसाव्यासाठी उपयोग करणारा प्राचीन काळातील सर्वांत प्रसिद्ध प्रवासी म्हणजे टायबीरिअस. सम्राटपद मिळण्यापूर्वी त्याने इ. स. पू. ६ ते इ. स. २ या काळात येथे वास्तव्य केले. मात्र त्याच्या विश्रांतीला राजकीय अज्ञातवासाचे स्वरूप होते. आधुनिक पर्यटनाचा पाया इटालियन राजवटीत (१९१२–४३) घातला गेला. मध्ययुगीन वास्तूंचा जीर्णोद्धार, रस्ते, १९२७ मध्ये सुरू झालेले समुद्रकाठचे ‘रोझेस’ हॉटेल व काल्लिथीआ येथील उष्णोदकस्नानगृहे ही त्या काळातील कामे होत. त्या वेळी बेटाची कीर्ती आरोग्यस्थान म्हणून होती आणि सौम्य हिवाळा हेही त्याचे एक आकर्षण होते. ७ मार्च १९४८ रोजी ऱ्होड्ससह सर्व डोडेकॅनीझ बेटे ग्रीसमध्ये औपचारिकपणे विलीन झाली.

पुढील दशकांत विमानवाहतुकीमुळे परिस्थिती पालटली. पश्चिम किनाऱ्यावरील पारादिसी येथील विमानतळ १९७७ मध्ये सुरू झाला. उत्तर यूरोपातील प्रवासी काही तासांत बेटावर उतरू लागले. प्रवासकाल आता समुद्राच्या स्थितीवर अवलंबून न राहता शाळा व कारखाने यांच्या सुट्ट्यांवर ठरू लागला. परिणामी सर्वांत उष्ण असलेले जुलै व ऑगस्ट हेच सर्वाधिक गर्दीचे महिने झाले आणि हिवाळ्यात बहुसंख्य हॉटेले बंद राहू लागली. बेटाचे अर्थकारण अशा रीतीने वर्षातील सहासात महिन्यांत एकवटले आहे. ऱ्होड्सचे मध्ययुगीन शहर १९८८ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाले.

अलीकडील आपत्ती : या एकवटलेपणातील धोका जुलै २०२३ मध्ये स्पष्ट झाला. १८ जुलै रोजी बेटाच्या मध्यभागी लागलेला वणवा उष्णतेची लाट व जोराचा वारा यांमुळे पसरत गेला आणि २२ जुलै रोजी आग्नेय किनाऱ्यावरील कियोतारी व येन्नादी परिसरातील वस्त्या व हॉटेलांपर्यंत पोहोचला. हंगाम ऐन भरात असल्याने सु. १९,००० लोकांना हलवावे लागले. काहींना किनाऱ्यावरून बोटींनी बाहेर काढण्यात आले. वणव्यामुळे ग्रीसमध्ये करावे लागलेले ते तोपर्यंतचे सर्वांत मोठे स्थलांतर होते. हिवाळ्यातील पावसावर वाढलेले गवत व झुडपे उन्हाळ्यात वाळून जातात आणि त्याच सुमारास मेल्टेमी जोर धरतो; त्यामुळे आगीला इंधन व वारा दोन्ही एकाच वेळी उपलब्ध होतात. आपद्ग्रस्त पर्यटकांना भरपाई म्हणून शासनाने २०२४ मध्ये पुन्हा येण्याची सवलत दिली, ती वसंत व शरद ऋतूंपुरती होती. शरदही पूर्णतः निर्धोक नसतो. नोव्हेंबर २०१३ मधील अतिवृष्टीत बेटावर मनुष्यहानी झाली, तर नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस ‘बोरा’ वादळाने यालिसॉस व इतर भागांत पूर आला.

प्रवासास योग्य काळ : मार्चअखेरीपासून मेपर्यंतचा वसंत ऋतू अवशेष व निसर्ग पाहण्यास उत्तम होय. हिवाळ्यातील पावसाने डोंगर हिरवे असतात, रानफुले बहरतात व ऑर्थोडॉक्स पंथीयांचा ईस्टर सण याच काळात येतो. मात्र समुद्राचे पाणी थंड असते. जूनमध्ये दिवस सु. साडेचौदा तासांचा असतो, पाणी पोहण्याजोगे होते आणि उष्णता अद्याप असह्य झालेली नसते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी लिंडॉसची चढण चढणे त्रासदायक ठरते. पूर्व किनारा स्नानास व पश्चिम किनारा शिडाच्या फळीवरील जलक्रीडेस सोयीचा असतो. बेटाच्या दक्षिण टोकाचे प्रासोनिसी वाऱ्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. याच महिन्यांत पेतालूदेस येथील दमट व थंड दरीत लक्षावधी रंगीत पतंग सिलारस जातीच्या वृक्षांवर आश्रय घेतात. ते तेथे विश्रांतीसाठी येतात. त्यांना उडविण्याने त्यांची शक्ती खर्च होते, म्हणून दरीत शांतता राखण्याचा नियम आहे.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ बहुतेक प्रवाशांस सर्वांत अनुकूल असतो. वारा मंदावतो, समुद्र उबदार राहतो, गर्दी ओसरते आणि पाऊस सहसा ऑक्टोबरच्या उत्तरार्धापूर्वी येत नाही. नोव्हेंबरपासून बेट पुन्हा स्थानिक रहिवाशांचे होते. हिवाळ्यात पावसाच्या सरींमध्ये स्वच्छ उन्हाचे दिवस येतात. दक्षिणायनाच्या समाप्तीच्या मागेपुढे सातसात दिवस समुद्र शांत असतो, असे ॲरिस्टॉटलने नोंदविले असून या दिवसांना ग्रीक ‘हॅल्सिऑन दिवस’ म्हणत. मध्ययुगीन शहराच्या गल्ल्या, वस्तुसंग्रहालये व तटबंदी निवांतपणे पाहू इच्छिणाऱ्यास हा काळही उपयुक्त ठरतो. व्हेजीशिअसने निर्धोक मानलेल्या काळात आज उष्णता व वणव्यांचे भय आहे, तर त्याने अनिश्चित ठरविलेले शरदाचे आठवडे आधुनिक प्रवाशाला अधिक सुखकर वाटतात. हवामानाचा सर्वसाधारण क्रम तोच असला, तरी प्रवासाचे साधन व हेतू बदलल्याने ऋतूंचे मोल बदलले आहे.